मीठफुटीच्या रानातून: झाशी, करनाल, भरूच

सोमवार, मिरज

रात्रीच्या गोवा एक्स्प्रेसनं निघालो. बरोबर तात्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढं, गोठ्यात मुऱ्हा आणि पंढरपुरी म्हशी, आणि ओढ्याकडेचं त्यांचं रान माझ्या रानाच्या बांधाला बांध लावून. दोन्हीकडं गत एकच. उन्हाळ्यात वर पांढरं पीठ फुटतं, पावसाळ्यात पाय रुतेल असा चिखल, आणि उसाची उगवण म्हणजे म्हाताऱ्याचे दात.

कृष्णाकाठच्या माणसाला हे सांगायला नको. मिरज, वाळवा, शिरोळ, कुठंही जा. खोल काळी जमीन, उपसा योजनेचं पाणी, उसाला पाट भरून देण्याची सवय आणि निचऱ्याला वाट नाही. जमिनीखालचं पाणी हळूहळू वर येतं, उन्हानं उडून जातं, मीठ तेवढं मागं राहतं. महाराष्ट्रात अशी क्षारबाधित जमीन सहा लाख हेक्टरच्या घरात आहे, देशात ६७ लाखांवर. खरा इलाज म्हणजे जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालून पाणी बाहेर काढणं. शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन तो केला आणि उसाखाली परत रानं आणली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पण पाइपातलं पाणी कुठंतरी सोडावं लागतं. आमचा ओढा स्वतःच तुंबलेला, आणि खालच्या अंगाचे शेतकरी एकमेकांशी कोर्टात भांडताहेत. तोवर रान पडून ठेवायचं का? निदान मीठ सोसणारं चाऱ्याचं गवत तरी यावं, ते शोधायला झाशी, करनाल, भरूचच्या संशोधन संस्थांची ही यात्रा.

तात्यांनी गाडीत बसल्या बसल्या अट घातली. "मास्तर, तुमचे शास्त्रज्ञ काय सांगायचं ते सांगू देत. मी एकच इचारणार. म्हस खाती का?"

मंगळवार, गाडीत

दिवसभर गाडी. मनमाड, भुसावळ, मग इटारसीकडं. वरच्या बर्थवर पडून वहीतला जुना तक्ता तात्यांना समजावला. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला क्षारांवर काम करणारी एक जुनी सरकारी प्रयोगशाळा आहे. तिथल्या मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली पिकांचा हिशेब मांडला. मातीतल्या ओलाव्याची विद्युतवाहकता मोजायची, म्हणजे खारटपणा कळतो. एका ठरावीक आकड्यापर्यंत पीक तग धरतं, त्यापुढं दर एककामागं उत्पादन ठरावीक टक्क्यांनी घटतं. उसाची ती हद्द १.७ आणि पुढची घट ५.९ टक्के. लसूणघासाची हद्द २, घट ७.३ टक्के. हरळीची हद्द मात्र ६.९.

आता आमच्या ओढ्याकडेचा आकडा आठ धरा. ऊस सदतीस टक्के गेला, लसूणघास चव्वेचाळीस टक्के. हरळी फक्त सात.

तात्या उठून बसले. "हराळी? जल्मभर जी खुरपून, नांगरून, जाळून काढली ती?"

तीच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनला हरळीचे संकर करून 'कोस्टल' नावाचा चाऱ्याचा वाण १९४३ मध्येच दिला गेला, आणि तिकडच्या दक्षिण भागात गुरांची कुरणं त्यावर उभी राहिली. आपण तिला तण म्हणून मोकळे झालो. अर्थात तो तक्ता सरासरीचा आहे. त्यात काळी माती नाही, पाणी साचणं नाही, आणि म्हैस तर अजिबातच नाही.

बुधवार, झाशी

झाशीला उतरलो तेव्हा मंगळवार संपला होता. सकाळी ग्वाल्हेर रस्त्यानं भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्थेत. १९६२ सालची संस्था, पहूज धरणाच्या जवळ. पत्र आधीच पाठवलं होतं, त्यामुळं गवताच्या वाफ्यांत हिंडायला मिळालं. किल्ला राहिला. तात्यांना त्याची हळहळ, मला तितकीशी नाही.

इथं मला जे कळून घ्यायचं होतं ते असं: भात-गव्हाचे खारं सोसणारे वाण निघाले, मग गवताचे इतके कमी का? उत्तर गवताच्या संसारातच आहे.

अंजन घ्या, गिनी गवत घ्या. यांचं बी बहुतेक वेळा फलनाशिवाय तयार होतं. परागाचा गर्भाशी संबंध नाही, बी म्हणजे आईची हुबेहूब प्रत. शेतकऱ्याला हे वरदान, कारण एकदा चांगलं झाड सापडलं की बियांतून तेच पिढ्यान्‌पिढ्या मिळतं. पण वाण तयार करणाऱ्याचं डोकं इथंच फिरतं. खारटपणा सोसणारं एक झाड आणि भरघोस पाल्याचं दुसरं, यांचा संकर करायला जावं तर दोन्हीकडं आपापल्या आयाच जन्माला येतात! साठच्या दशकात टेक्सासात अंजनाचं नेहमीसारखं फलन होणारं एक झाड हाती लागलं, तेव्हा कुठं त्या गवतात संकराला वाट मिळाली.

संकरित नेपिअरची तऱ्हा वेगळी. बाजरीची गुणसूत्रं १४, नेपिअर गवताची २८, पोराच्या वाट्याला २१. ती जोडीनं नीट बसत नाहीत म्हणून बी धरत नाही. तात्यांच्या गोठ्यामागं उभा असलेला हत्तीएवढा चारा वांझ आहे, हे ऐकून तात्या जरा खट्टू झाले. पण खाऱ्या जमिनीत या वांझपणाचा एक फायदा आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटला. कुठल्याही पिकाचं सगळ्यांत नाजूक वय म्हणजे उगवण आणि कोवळं रोप. मोठं झालेलं गवत जे मीठ सहज पचवतं, त्यात त्याचंच बी उगवत नाही. ठोंब किंवा कांडी लावली की ते वय टळतं. म्हणूनच बियांच्या ताटलीत केलेल्या चाचणीवर कुणी 'क्षारसहनशील' असा शिक्का मारला तर मी दोनदा विचारीन: कोणत्या वयाला?

राहता राहिली निवड. जगभर खाऱ्या जमिनीसाठी जी गवतं दिली गेली त्यांतली बरीचशी संकरापेक्षा शोधातून आली आहेत. ऑस्ट्रेलियात खारावलेल्या गव्हाच्या पट्ट्यात पसरलेलं पुक्सिनेलिया १९५१ मध्ये तुर्कस्तानातून आणलेलं, वाणाचं नावच तिथल्या मेनेमेन गावाचं. मीठ जिथं आहे तिथं हजारो वर्षं उभं राहिलेलं गवत उचलायचं, त्यातली उत्तम झाडं वेचायची, वाढवायची, पुन्हा वेचायची. काम सोपं वाटतं, पण वर्षानुवर्षं चालतं. शिवाय चाऱ्याच्या बियाण्याला बाजार नाही. कुसळं आणि केसांनी भरलेलं हलकं बी, पिकलं की गळून जातं. कोण कंपनी त्यामागं लागणार?

"पर म्हस खाती का?" तात्यांनी विचारलंच. दाखवणाऱ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, गिनी तर खातातच, पण खाऱ्या मातीतलं खातील का ते करनालवाल्यांना विचारा.

गुरुवार, झाशी ते करनाल

प्रवासातच गेला. दिल्लीहून करनाल सव्वाशे किलोमीटर, वाटेत पानिपत. मराठी माणूस इथून जाताना खिडकीबाहेर बघतोच. तात्या आम्हां दोघांच्या वाट्याचं बघत होते. १७६१ च्या जानेवारीत त्या छावणीत माणसांच्या आधी जनावरं उपाशी पडली होती, घोड्यांना चारा मिळेनासा झाला होता. त्याआधी ऑक्टोबरात रसदीसाठी घेतलेलं कुंजपुरा करनालपासून अगदी जवळ. या भागातले रोड समाजाचे लोक आपल्याला पानिपतानंतर मागं राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. रिक्षावाल्याला आम्ही सांगलीचे कळल्यावर त्यानं भाडं कमी घेतलं नाही, चहा मात्र पाजला.

शुक्रवार, करनाल

केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था. स्थापना १९६९ ची. त्या काळी हरियाणा-पंजाबात लाखो हेक्टर ऊसर जमीन पडून होती. जिप्सम टाकून, भात लावून ती हळूहळू वहितीत आली. आज आजूबाजूला कापणीला आलेलं भात बघून खरं वाटत नाही. त्यात सीएसआर-३० नावाचं बासमतीच्या वळणाचं खारं सोसणारं भातही इथलंच. म्हणजे भात-गव्हाचं काम नाव घेण्यासारखं झालंय. आम्ही आलो होतो गवतासाठी.

आधी एक धडा मिळाला, आणि घरी परतल्यावर मी तो सगळ्यांना सांगत सुटणार आहे. खराब जमीन एका जातीची नसते. एक खारवट: विरघळणारी मिठं जास्त, माती वरून पांढरी पण आतून भुसभुशीत, आणि झाडाला पाणी समोर असून पिता येत नाही. दुसरी चोपण: सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला, सामू (मातीच्या आम्लपणा-अल्कपणाचा आकडा) साडेआठच्या वर, कधी दहापर्यंत, कण सुटे होतात, भेगा बुजतात, पाणी वरच उभं राहतं, मुळांना हवा नाही. पहिलीला पाण्यानं धुवायचं आणि निचरा द्यायचा. दुसरीला तेवढ्यावर भागत नाही, आधी कॅल्शियम पाहिजे, म्हणजे जिप्सम. गवताची निवडही त्याप्रमाणं बदलते. खारवटीत पहिलं आलेलं गवत चोपणात गुदमरून मरू शकतं.

चाचणी कशी करतात ते पाहण्यासारखं आहे. शेतात मीठ कधी सारखं नसतं. इथं आकडा चार, दहा पावलांवर बारा. अशा रानात दोन वाणांची तुलना केली तर चांगल्या जागेवरचा वाण जिंकतो, चांगला वाण नाही. म्हणून सिमेंटचे चौकोनी वाफे बांधलेत. प्रत्येकात ठरावीक सामूची किंवा ठरावीक खारटपणाची माती, आणि एकच गवत ओळीनं वाढत्या त्रासात लावलेलं. पहिल्या वाफ्यात गुडघ्याएवढं, शेवटच्यात वीतभर. कुठवर टिकलं ते दिसतंच, त्यासाठी आकडा लागत नाही. आकडे लागतात ते पानातलं सोडियम आणि पोटॅशियम मोजायला. सोडियम वर येऊ न देता पोटॅशियम टिकवून धरणारं झाड निवडीत पुढं जातं.

आणि मग करनाल गवत. पाकिस्तानी पंजाबात त्याला कल्लर गवत म्हणतात. पातळ पानांचं, भाताच्या बांधावर सहज खपून जाईल असं, दिसायला अगदी साधं. पानावरून बोट फिरवलं तर खरखर लागली, आणि जिभेला लावलं तर चक्क मीठ. पानावर सूक्ष्म लव असते, तिच्यातून हे गवत आत आलेलं मीठ बाहेर टाकतं. दव किंवा पाऊस पडला की ते धुवून जातं. दहाच्या आसपासच्या सामूतही ते जगतं, वर पाणी साचलेलं चालतं. शिवाय मुळं श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड सोडतात त्यानं मातीतला चुनखडा थोडाथोडा विरघळतो, कॅल्शियम सुटतो आणि सोडियमला जागेवरून हलवतो. म्हणजे जिप्समचं काम थोड्या प्रमाणात, हळूहळू आणि फुकट. त्याच्या मुळांत हवेतला नत्र बांधणारे जिवाणूही पाकिस्तानातल्या कल्लर गवतावर सापडले. इथल्या चोपण जमिनीवर विलायती बाभळीच्या ओळींमध्ये हे गवत काही वर्षं ठेवलं, नंतर ते काढून तिथंच बरसीम घेता आलं. बाभळीचा भाग मी वहीत लिहून खोडून टाकला. आमच्याकडं ती आधीच नको तितकी आहे.

तात्या वाकून, उपटून, वास घेऊन बघत होते. "म्हस खाती?"

"कोवळं असताना आवडीनं खाते," माहिती देणारे गृहस्थ म्हणाले. "फुलोऱ्यावर आलं की तोंड फिरवते. आणि गोडं पाणी भरपूर पाजायला हवं."

हा मुद्दा मला सगळ्या प्रवासात सगळ्यांत मोलाचा वाटला, कारण याबद्दल बोलायची फारशी पद्धत नाही. खाऱ्या रानातल्या काही वनस्पती मीठ बाहेर न टाकता पानातच साठवतात. ऑस्ट्रेलियात लावतात त्या सॉल्टबुशच्या कोरड्या वजनात राखच पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भरते. एकरी उत्पादन छापताना ती राखही चारा म्हणूनच तोलली जाते. जनावर तेवढं मीठ खातं, पाणी पितं, आणि मग खाणं आपोआप कमी करतं. अशा चाऱ्याला दुसऱ्या चाऱ्याची जोड द्यावीच लागते. म्हणजे वाफ्यात पहिला आलेला वाण गोठ्यात पहिला येईलच असं नाही. वाफ्याची परीक्षा झाडाची, गोठ्याची परीक्षा चाऱ्याची. दुसरी परीक्षा महाग पडते, जनावरं लागतात, महिने लागतात, म्हणून ती कमी होते. तात्यांचा प्रश्न मी सोमवारी हसण्यावारी नेला होता. शुक्रवारी तो वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

गंमत म्हणजे याच गावात राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थाही आहे. दुपारनंतर तात्या मला तिकडं ओढून घेऊन गेले. इथंच २००९ मध्ये क्लोन केलेली, म्हणजे एकाच जनावराची हुबेहूब प्रत असलेली रेडी जन्मली, गरिमा तिचं नाव. झाशीचं गवत जे काम दर पावसाळ्यात न सांगता करतं, त्यासाठी इथं केवढी प्रयोगशाळा लागली! तात्यांना मात्र मुऱ्हाच्या कासेपुढं दुसरं काही सुचत नव्हतं.

शनिवार, नैन

पानिपतजवळच्या नैन गावी संस्थेचं प्रक्षेत्र आहे. करनालचं रान चोपण, इथलं खारवट, आणि खालचं पाणीही खारं. कालचा धडा एका तासात डोळ्यांनी पाहून झाला. कच्छच्या रणाकडून आणलेल्या एका गवताबद्दल इथं ऐकलं. शास्त्रीय नाव युरोकोन्ड्रा. समुद्राच्या पाण्याइतक्या खारटपणातही ते तग धरतं, आणि त्यातली कोणती जनुकं हे काम करतात याचा शोध चालू आहे. पुढं कधीतरी ती जनुकं दुसऱ्या पिकात येतील. पान टोकदार, टणक. तात्यांनी एक चावून बघितलं आणि थुंकून टाकलं. प्रश्न विचारायचीही गरज त्यांना वाटली नाही.

रात्री दिल्लीहून भरूचची गाडी.

रविवार, भरूच

संस्था बंद. नर्मदेच्या जुन्या पुलापर्यंत चालत गेलो, येताना इथली प्रसिद्ध खारी शिंग घेतली. गुडघे दुखतात म्हणून तात्या झोपले.

सोमवार, भरूच

इथं यायचं कारण माती. करनालची जमीन गाळाची, हलकी. तिथला निकाल जसाच्या तसा कृष्णाकाठी लावता येत नाही. काळी चिकण माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात गाळाच्या मानानं थोडा सोडियमही पुरे, लगेच चिखलाचा गोळा होतो. करनालच्या संस्थेचं प्रादेशिक केंद्र भरूचला आहे ते अशाच काळ्या खाऱ्या जमिनीसाठी. गाडीतून बाहेर पाहिलं तर कपाशी, तूर आणि कडेला पिलूची झुडपं. मातीचा रंग आमचाच. तात्या खाली उतरले, ढेकूळ फोडलं आणि पहिल्यांदाच या प्रवासात समाधानानं मान हलवली.

आणि इथं जे ऐकलं त्यानं रेल्वेचं सगळं भाडं वसूल झालं. खाऱ्या काळ्या रानात सऱ्या पाडायच्या. वरंबा अर्धा मीटर उंच, दोन वरंब्यांत मीटरभर अंतर. वरंब्यावर मारवेल गवत, सरीत करनाल गवत. पावसात पाणी सरीत उतरतं आणि वरंब्याच्या माथ्यावरचं मीठही बरंचसं घेऊन जातं. माथा थोडा गोडा आणि हवेशीर राहतो, तो मारवेलला मानवतो. सरीत मीठही आणि पाणीही, त्याची करनाल गवताला फिकीर नाही. वाहकता आठ-दहापर्यंत असलेल्या रानात ही जोडी चांगली आलेली आहे.

मी वही मिटली. सरी-वरंबा! ऊस लावणाऱ्या माणसाला हे शिकवायला कुणी लागत नाही. नांगर तोच, सरी पाडायचा रिजर तोच, सरी थोडी उंच काढायची एवढंच. इतके दिवस आपण एक असं गवत शोधत होतो जे सगळं सोसेल. इथं रानालाच दोन मजले केले आणि प्रत्येक मजल्याला त्याचं गवत दिलं. मीठ सोसणाऱ्या वाणाचा शोध चालू राहावा, हवाच आहे. पण वाण येईपर्यंत हातात असलेल्या दोन गवतांतून एवढं साधतं, हे गावोगाव का पोचलं नाही याचा मला राग आला. राग कुणावर धरायचा ते मात्र ठरवता आलं नाही.

मारवेल तर आमच्या माळावरचं, राहुरीच्या कृषी विद्यापीठानं त्याचे वाणही दिलेत. जनावर ते खातं का, हे तात्या कुणाला विचारणार नव्हते. करनाल गवताबद्दल मात्र त्यांनी केंद्राबाहेर एका गुराख्याला गाठलं. मराठी-गुजरातीची खिचडी करून बराच वेळ बोलणं चाललं. तो म्हणाला, आधी वरचं संपवतात, मग खालचं खातात, जून झालं तर सोडून देतात. करनालच्या गृहस्थांनी जे सांगितलं तेच, फक्त म्हशीच्या बाजूनं.

एक काळजी उरतेच. करनाल गवत भातात तण म्हणूनही येतं. आमच्याकडं ओढ्याखाली भात नाही, ऊस आहे, तरी बी धरायच्या आत कापायचं हा नियम दोघांनी पाळायचा. कोवळं कापलं तर म्हैसही खाते आणि पसरतही नाही, म्हणजे विळा वेळेवर चालला पाहिजे.

संध्याकाळी स्टेशनवर हिशेब केला. गेल्यावर पहिलं काम म्हणजे दोन्ही रानांतून तीन-तीन खोलीवरचे मातीचे नमुने काढून कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रात द्यायचे. सामू साडेआठच्या खाली निघाला तर जूनमध्ये सरळ सऱ्या. वर निघाला तर आधी जिप्सम, मग सऱ्या. मारवेलचे ठोंब राहुरीहून, करनाल गवताचे भरूचहून मागवायचे, बी नको, ठोंबच. ओढ्याच्या निचऱ्यासाठी खालच्या लोकांशी बोलणी चालू ठेवायची, कारण गवत पाणी बाहेर काढत नाही.

"लावायचं तर आधी तुमच्या रानात लावा, मास्तर," तात्या म्हणाले. "माझं जनावर येऊन बघंल. खाल्लं तर माझ्यात लावतो."

मी म्हटलं, चाऱ्याचे पैसे घेईन. त्यांनी शिंगदाण्यांची पुडी पुढं केली आणि मुंबईची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते बघायला उठले.